वर्ल्ड वाइड वेबचा प्रारंभ आणि मुक्त वेबची संकल्पना

वर्ल्ड वाइड वेब किंवा वेब ही परस्परांशी दुव्यांनी जोडलेल्या दस्तऐवजांची, इंटरनेटवर चालणारी जागतिक माहितीप्रणाली आहे. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहराजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या संशोधनसंस्थेत १९८९ ते १९९१ या काळात तिची रचना केली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबच्या मूळ आज्ञावलीवरील आपले हक्क सोडून दिले आणि ती कोणालाही विनामूल्य वापरण्यास, बदलण्यास व वाटण्यास खुली केली.

वेबच्या आधी आणि तिच्याबरोबरही माहितीच्या देवाणघेवाणीच्या अनेक प्रणाली अस्तित्वात होत्या व त्यांतील काही तांत्रिकदृष्ट्या अधिक प्रगत होत्या. वेबला मिळालेल्या व्यापक स्वीकृतीमागे तिची साधी रचना आणि तिच्यावर कोणाचीही मालकी नसणे ही दोन प्रमुख कारणे मानली जातात. या दोन गोष्टींतून ‘मुक्त वेब’ ही संकल्पना आकारास आली. कोणत्याही व्यक्तीला, कोणत्याही संगणकावरून, कोणाचीही परवानगी न घेता माहिती प्रकाशित करता यावी आणि ती सर्वांना सारख्याच रीतीने वाचता यावी, असे या संकल्पनेचे थोडक्यात स्वरूप आहे.

वेब आणि इंटरनेट यांतील फरक

बोलीभाषेत हे दोन शब्द बरेचदा एकाच अर्थाने वापरले जातात. प्रत्यक्षात इंटरनेट हे संगणकांच्या अनेक जाळ्यांना जोडणारे जाळे आहे. त्याची मुळे १९६९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अर्पानेट या प्रकल्पात आहेत. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने टीसीपी/आयपी हे संदेशवहनाचे नियम स्वीकारले. वेब ही या जाळ्यावर चालणाऱ्या अनेक सेवांपैकी एक सेवा असून ईमेल ही तिच्याहून जुनी आहे. वेब अस्तित्वात येण्यापूर्वी विद्यापीठांतील संगणक एकमेकांशी जोडले गेले होते. मात्र एका संगणकावरील माहिती दुसऱ्या संगणकावरून वाचण्यासाठी त्या त्या यंत्राच्या वेगळ्या आज्ञा ठाऊक असाव्या लागत.

पूर्वपीठिका

दस्तऐवजांना परस्परांशी जोडण्याची कल्पना वेबच्या आधीची आहे. अमेरिकन अभियंते व्हॅनेव्हार बुश यांनी जुलै १९४५ मध्ये अटलांटिक मंथली या मासिकातील लेखात ‘मेमेक्स’ नावाच्या एका काल्पनिक यंत्राचे वर्णन केले. वाचकाने स्वतः निर्माण केलेल्या संबंधांच्या वाटेने एका कागदपत्राकडून दुसऱ्याकडे जाता यावे, अशी त्यामागील कल्पना होती. १९६० च्या दशकात टेड नेल्सन यांनी अशा जोडलेल्या मजकुरासाठी ‘हायपरटेक्स्ट’ ही संज्ञा घडवली व झॅनाडू या महत्त्वाकांक्षी प्रकल्पाचा आराखडा मांडला. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे दुव्यांनी जोडलेले दस्तऐवज आणि माउस यांचे प्रात्यक्षिक दाखवले. अॅपल कंपनीच्या १९८७ मधील हायपरकार्ड या प्रणालीमुळे ही कल्पना सामान्य संगणकधारकांपर्यंत पोहोचली. मात्र हायपरकार्डमधील दुवे एकाच संगणकापुरते वा स्थानिक जाळ्यापुरते मर्यादित होते.

हायपरटेक्स्ट आणि इंटरनेट या दोन्ही गोष्टी १९८० च्या दशकाच्या अखेरीस उपलब्ध होत्या. त्या दोहोंची सांगड घालणे हे बर्नर्स-ली यांचे मुख्य योगदान होय.

सर्नमधील प्रस्ताव

बर्नर्स-ली यांचा जन्म १९५५ मध्ये लंडन येथे झाला. त्यांचे आईवडील दोघेही फेरांटी मार्क १ या आरंभीच्या व्यापारी संगणकावर काम करत असत. ऑक्सफर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राचे शिक्षण घेतल्यावर ते १९८० मध्ये काही महिन्यांच्या कंत्राटावर सर्नमध्ये आले. व्यक्ती, प्रकल्प आणि आज्ञावल्या यांचे परस्परसंबंध लक्षात ठेवण्यासाठी त्यांनी तेथे ‘एन्क्वायर’ नावाची एक लहान प्रणाली स्वतःच्या उपयोगासाठी लिहिली. १९८४ मध्ये ते सर्नमध्ये परतले.

सर्नमध्ये अनेक देशांतील हजारो संशोधक काम करत. प्रत्येक गटाचे संगणक, कार्यप्रणाली आणि दस्तऐवजांचे स्वरूप वेगळे असे. बरेचसे लोक साधारण दोन वर्षांनी आपापल्या देशी परतत आणि त्यांच्याबरोबर त्यांनी मिळवलेली माहितीही निघून जाई. या अडचणीवर उपाय म्हणून बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये माहितीच्या व्यवस्थापनासंबंधी एक प्रस्ताव सादर केला. सर्वांनी आपली माहिती एकाच साच्यात बसवावी अशी अपेक्षा त्यात नव्हती. माहिती जिथे व जशी आहे तशीच राहावी आणि दुव्यांनी जोडली जावी, असे त्यात सुचवले होते. त्यांचे वरिष्ठ माइक सेंडल यांनी प्रस्तावाच्या मुखपृष्ठावर तो अस्पष्ट पण उत्कंठावर्धक असल्याचा शेरा लिहिला. प्रस्तावाला औपचारिक मंजुरी मिळाली नाही. तथापि, १९९० मध्ये सेंडल यांनी बर्नर्स-ली यांना नेक्स्ट कंपनीचा संगणक घेऊ दिला आणि त्यावर हे काम सुरू झाले. नोव्हेंबर १९९० मध्ये बेल्जियन अभियंते रॉबर्ट कायो यांच्यासह त्यांनी सुधारित प्रस्ताव मांडला. संस्थेच्या आत पाठिंबा, मनुष्यबळ आणि निधी मिळवण्यात कायो यांचा मोठा वाटा होता.

पहिली प्रणाली

१९९० च्या अखेरीस वेबचे सर्व मूलभूत घटक तयार झाले होते. प्रत्येक दस्तऐवजाला एकमेव पत्ता देणारी पद्धत पुढे यूआरएल या नावाने ओळखली जाऊ लागली. एका संगणकाने दुसऱ्याकडे दस्तऐवज मागण्याचे नियम म्हणजे एचटीटीपी होत. मजकुराची रचना आणि दुवे दर्शवणारी खुणांची भाषा म्हणजे एचटीएमएल होय. यांच्या जोडीला पहिला सर्व्हर आणि पहिला ब्राउझर लिहिला गेला. पहिला सर्व्हर ज्या नेक्स्ट संगणकावर चालत असे, तो कोणी चुकून बंद करू नये म्हणून त्यावर तशा सूचनेची चिठ्ठी चिकटवलेली होती. तो संगणक सर्नने जतन केला आहे.

पहिल्या ब्राउझरमध्ये पाने वाचण्याबरोबरच ती लिहिण्याची आणि त्यांत दुवे घालण्याचीही सोय होती. वाचक आणि लेखक हे वेगळे वर्ग नसावेत, हा विचार त्यामागे होता. मात्र हा ब्राउझर केवळ नेक्स्ट संगणकांवर चालत असे आणि असे संगणक फारच थोड्या लोकांकडे होते. त्यामुळे सर्नमध्ये प्रशिक्षणासाठी आलेल्या गणिताच्या विद्यार्थिनी निकोला पेलो यांनी जवळपास कोणत्याही संगणकावर चालेल असा, केवळ अक्षरे दाखवणारा साधा ब्राउझर लिहिला. सर्नमधील कर्मचाऱ्यांना वेबची पहिली ओळख बव्हंशी संस्थेच्या दूरध्वनी सूचीमुळे झाली. ही सूची मुख्य संगणकावर होती आणि वेबमुळे ती कोणत्याही टर्मिनलवरून पाहता येऊ लागली.

६ ऑगस्ट १९९१ रोजी बर्नर्स-ली यांनी हायपरटेक्स्टविषयीच्या एका इंटरनेट चर्चागटात या प्रकल्पाची जाहीर माहिती दिली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड रेषीय त्वरक केंद्रात युरोपबाहेरचा पहिला वेब सर्व्हर सुरू झाला. भौतिकशास्त्रज्ञ पॉल कुन्झ यांनी सर्नला दिलेल्या भेटीत वेब पाहिली होती. तेथील ग्रंथपाल लुईझ अॅडिस यांनी कणभौतिकीतील शोधनिबंधांची सूची वेबवरून उपलब्ध करून देण्याच्या कामी पुढाकार घेतला.

रचनेतील महत्त्वाचे निर्णय

वेबच्या रचनेतील सर्वांत परिणामकारक निर्णय दुव्यांविषयीचा होता. नेल्सन यांच्या कल्पनेतील दुवे दुहेरी होते. ज्या दस्तऐवजाकडे दुवा जातो त्यालाही त्याची नोंद असावी आणि कोणताही दुवा कधीही तुटू नये, अशी त्यांची अपेक्षा होती. यासाठी सर्व दुव्यांचा हिशेब ठेवणारी सामायिक यंत्रणा आवश्यक ठरते. बर्नर्स-ली यांनी दुवा एकेरी ठेवला. त्यामुळे दुसऱ्याच्या पानाकडे दुवा देण्यासाठी त्या पानाच्या मालकाची संमती अथवा मध्यवर्ती नोंदणीची गरज उरली नाही. या सोयीची किंमत म्हणजे तुटणारे दुवे. मूळ पान काढून टाकले तरी त्याकडे जाणारा दुवा तसाच राहतो आणि वाचकाला पान न सापडल्याचा ४०४ क्रमांकाचा संदेश दिसतो.

हायपरटेक्स्टच्या तत्कालीन अभ्यासकांना ही रचना अपुरी वाटली. डिसेंबर १९९१ मध्ये अमेरिकेतील सॅन अँटोनियो येथे भरलेल्या हायपरटेक्स्टविषयक परिषदेने बर्नर्स-ली व कायो यांचा शोधनिबंध नाकारला. त्यांना केवळ प्रात्यक्षिक दाखवण्याची संधी मिळाली.

दुसरा निर्णय जुन्या प्रणालींना सामावून घेण्याचा होता. वेबच्या पत्त्यांतून एफटीपी, गोफर आणि चर्चागट यांवरील माहितीकडेही निर्देश करता येत असे. त्यामुळे वेबकडे वळण्यासाठी कोणालाही आधीची व्यवस्था मोडावी लागली नाही. एचटीएमएलमधील पाने साध्या मजकुराच्या स्वरूपात असत. एखादे पान कसे लिहिले आहे हे वाचकाला ब्राउझरमधूनच पाहता येई. पहिल्या पिढीतील अनेक वेबलेखक इतरांची पाने अशा रीतीने पाहूनच ही भाषा शिकले.

गोफर आणि १९९३ चा निर्णय

१९९० च्या दशकाच्या आरंभी वेबला गोफर ही तुल्यबळ स्पर्धक प्रणाली होती. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९९१ मध्ये तयार झालेल्या गोफरमध्ये माहिती याद्यांच्या स्वरूपात मांडलेली असे. ती वापरण्यास सोपी असल्याने विद्यापीठे व ग्रंथालयांत वेगाने पसरली आणि काही काळ तिचा वापर वेबपेक्षा अधिक होता.

१९९३ च्या पूर्वार्धात मिनेसोटा विद्यापीठाने गोफर सर्व्हरच्या काही प्रकारच्या वापरासाठी, विशेषतः व्यापारी वापरासाठी, परवाना शुल्क आकारण्याचे जाहीर केले. बहुसंख्य वापरकर्त्यांना प्रत्यक्षात शुल्क पडणार नव्हते. तरीही पुढे कोणत्या कामासाठी किती रक्कम मागितली जाईल, याविषयी अनिश्चितता निर्माण झाली. आज्ञावली लिहिणारे आणि कंपन्या गोफरवर आधारित काम हाती घेण्यास कचरू लागले. हाच प्रश्न वेबबाबतही विचारला जाऊ लागला, कारण वेबची आज्ञावली सर्नमध्ये लिहिली गेली होती आणि तिचे हक्क कायद्याने सर्नकडे होते.

बर्नर्स-ली यांनी आरंभी ग्नू सार्वजनिक परवान्याचा विचार केला होता. या परवान्यानुसार आज्ञावली मोफत वापरता येते, परंतु तिच्यावर आधारित आज्ञावली वितरित करताना तीही त्याच अटींवर द्यावी लागते. कोणतीही अट असल्यास मोठ्या कंपन्या वेबपासून दूर राहतील, अशी शंका व्यक्त झाल्याने त्यांनी आपला विचार बदलला. अखेर ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने काढलेल्या छोट्याशा निवेदनाद्वारे मूळ ब्राउझर, मूळ सर्व्हर आणि त्यांची सामायिक आज्ञावली ही सार्वजनिक मालमत्ता झाली.

गोफरच्या पीछेहाटीचे श्रेय केवळ या निर्णयाला देता येत नाही. वेबमधील दुवे मजकुराच्या ओघातच कुठेही ठेवता येत आणि लवकरच वेबच्या पानांवर चित्रेही दिसू लागली. गोफरच्या याद्यांना ही लवचीकता नव्हती. मात्र वेबवर आधारित काम कोणी कधी काढून घेऊ शकणार नाही किंवा त्यासाठी मोल मागू शकणार नाही, ही खात्री ज्या वेळी सर्वाधिक आवश्यक होती त्याच वेळी मिळाली.

मोझेक आणि वेबचा प्रसार

१९९२ मध्ये फिनलंडमधील विद्यार्थ्यांनी ‘अर्विझ’ आणि पेइ-युआन वेइ यांनी ‘व्हायोला’ हे चित्रमय पटलावर चालणारे ब्राउझर तयार केले. सर्वाधिक प्रभाव मात्र मोझेक या ब्राउझरचा पडला. इलिनॉय विद्यापीठातील राष्ट्रीय महासंगणन केंद्रात मार्क अँड्रीसन व एरिक बिना यांनी तो लिहिला व १९९३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तो बसवण्यास सोपा होता आणि त्यात चित्रे मजकुराच्या शेजारीच दिसत. सर्नच्या नोंदीनुसार १९९३ च्या अखेरीस सुमारे ५०० वेब सर्व्हर ज्ञात होते. १९९४ च्या अखेरीस ही संख्या १०,००० वर आणि वापरकर्त्यांची संख्या १ कोटीवर गेली.

या प्रसारात मूळ कल्पनेतील एक भाग मागे पडला. मोझेक आणि त्याच्या धर्तीवरील ब्राउझरांत पाने केवळ वाचता येत. लिहिण्यासाठी वेगळी साधने, तांत्रिक ज्ञान आणि सर्व्हरवर जागा आवश्यक होती. वाचकालाच लेखक होता यावे ही कल्पना पुढे अन्य मार्गांनी परतली. वॉर्ड कनिंगहॅम यांनी मार्च १९९५ मध्ये सुरू केलेल्या पहिल्या विकीमध्ये कोणालाही ब्राउझरमधूनच पान बदलता येत असे. याच पद्धतीवर जानेवारी २००१ मध्ये विकिपीडिया सुरू झाला.

अँड्रीसन यांनी जिम क्लार्क यांच्यासह स्थापन केलेल्या नेटस्केप कंपनीचा ब्राउझर डिसेंबर १९९४ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर १९९५ मध्ये बाजारात आला. दोन्ही कंपन्यांनी एचटीएमएलमध्ये स्वतःच्या खुणांची भर घातली. परिणामी एका ब्राउझरसाठी लिहिलेली पाने दुसऱ्यात नीट दिसेनाशी झाली. वेबचे परस्परविसंगत तुकडे पडण्याचा धोका त्यातून समोर आला.

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम

असा धोका टाळण्याच्या हेतूने बर्नर्स-ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची स्थापना केली. ही संस्था वेबची तांत्रिक मानके चर्चेतून व सहमतीने ठरवते. कंपन्या, विद्यापीठे व स्वयंसेवी संस्था तिच्या सभासद असतात.

२००१ मध्ये संस्थेच्या एका मसुद्यात, पेटंटधारकांना ‘वाजवी’ शुल्क घेता येईल अशा तंत्रांचाही मानकांत समावेश करण्याचा पर्याय सुचवण्यात आला. मुक्त आज्ञावलीच्या पुरस्कर्त्यांनी आणि स्वतंत्रपणे काम करणाऱ्या वेबलेखकांनी त्याला तीव्र हरकत घेतली. मोठ्या कंपनीला वाजवी वाटणारी रक्कमही विनामूल्य आज्ञावली वाटणाऱ्यांना परवडणारी नसते, असा त्यांचा युक्तिवाद होता. २००४ मध्ये स्वीकारलेल्या अंतिम धोरणानुसार वेबची मानके शुल्कमुक्त रीतीने वापरता यावीत, असे ठरले. १९९३ च्या निर्णयातील तत्त्व यामुळे पुढील मानकांनाही लागू झाले.

मुक्त वेबची तत्त्वे

मुक्त वेबच्या संकल्पनेत सामान्यतः पुढील तत्त्वांचा समावेश केला जातो.

विकेंद्रीकरण: वेबवर काही प्रकाशित करण्यासाठी कोणत्याही मध्यवर्ती सत्तेची परवानगी लागत नाही. संपूर्ण वेब बंद करू शकेल असे एकच केंद्रही नाही.

सार्वत्रिकता: संगणकाचा प्रकार, भाषा, संस्कृती वा शारीरिक क्षमता कोणतीही असली तरी वेब सर्वांना वापरता यावी. अपंग व्यक्तींच्या दृष्टीने कन्सॉर्शियमने १९९७ मध्ये स्वतंत्र उपक्रम सुरू केला व मे १९९९ मध्ये सुगम्यतेची पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. चित्राचे वर्णन शब्दांत देणे हा त्यातील एक नियम असून त्यामुळे दृष्टिहीन वाचकाला वाचक-आज्ञावलीच्या साहाय्याने पान ऐकता येते.

खुली मानके: वेबचे नियम सर्वांना वाचण्यास व अमलात आणण्यास उपलब्ध असावेत.

समान वागणूक: इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपनीने एका संकेतस्थळाला झुकते माप देऊन दुसऱ्याची अडवणूक करू नये. या तत्त्वाला नेट न्यूट्रॅलिटी असे म्हणतात.

भारतीय भाषा आणि मराठी

सार्वत्रिकतेचे तत्त्व आरंभापासून मान्य असले तरी प्रत्यक्षात आरंभीचे एचटीएमएल पश्चिम युरोपीय लिप्यांतील अक्षरांपुरते मर्यादित होते. १९९१ मधील युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी लिपीचा समावेश होता, पण ब्राउझर व कार्यप्रणालींत तिचा आधार येण्यास अनेक वर्षे लागली. डिसेंबर १९९७ मध्ये शिफारस म्हणून प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएल ४.० ने जगातील सर्व लिप्यांना सामावणारा अक्षरसंच स्वीकारला.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्यानंतरच्या काळातील अनेक मराठी संकेतस्थळे आपापला स्वतंत्र फाँट वापरत. वाचकाकडे नेमका तोच फाँट नसल्यास मजकुराऐवजी असंबद्ध चिन्हे दिसत. असा मजकूर शोधयंत्रांना सापडत नसे आणि एका संकेतस्थळावरून दुसरीकडे नेताही येत नसे. वेबवर असूनही तो मजकूर वेबशी जोडलेला नव्हता. युनिकोडच्या प्रसारामुळे ही अडचण दूर झाली. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला. २०१४ मध्ये ‘.भारत’ हे देवनागरी क्षेत्रनाम उपलब्ध झाल्याने संकेतस्थळाचा पत्ताही मराठीत लिहिणे शक्य झाले.

समान वागणुकीच्या तत्त्वावर भारतात २०१५-१६ मध्ये मोठी चर्चा झाली. निवडक संकेतस्थळे मोफत व इतर सशुल्क अशी विभागणी करणाऱ्या योजना गरिबांना इंटरनेटची ओळख करून देतील, असे समर्थकांचे म्हणणे होते. कोणते इंटरनेट मोफत असावे हे कंपन्या ठरवतील, असा विरोधकांचा आक्षेप होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने आशयानुसार वेगवेगळे दर आकारण्यास मनाई केली.

आव्हाने आणि टीका

वेबची रचना विकेंद्रित राहिली तरी तिचा वापर काही मोजक्या मोठ्या सेवांभोवती एकवटला आहे. लेखन, छायाचित्रे व ओळखी एका सेवेतून दुसरीत नेणे कठीण असल्याने वापरकर्ते एका कंपनीशी बांधले जातात, अशी टीका बर्नर्स-ली यांनीही वेळोवेळी केली आहे. नेटस्केपमध्ये १९९४ साली तयार झालेल्या ‘कुकी’ या तंत्राचा मूळ उपयोग संकेतस्थळाला वाचकाची आधीची कृती लक्षात ठेवता यावी एवढाच होता. पुढे जाहिरातदारांनी अनेक संकेतस्थळांवरून वाचकाचा माग काढण्यासाठी ते वापरले.

तत्त्वांच्या अर्थाविषयी पुरस्कर्त्यांमध्येही मतभेद आहेत. प्रताधिकार असलेल्या चित्रफितींच्या नकला रोखणाऱ्या यंत्रणेला ब्राउझरमध्ये स्थान देणारे मानक कन्सॉर्शियमने सप्टेंबर २०१७ मध्ये बर्नर्स-ली यांच्या संमतीने स्वीकारले. चित्रपट वेबबाहेरच्या बंदिस्त साधनांत जाण्यापेक्षा हे बरे, अशी समर्थकांची भूमिका होती. हे मानक खुल्या वेबशी विसंगत असल्याचे सांगत इलेक्ट्रॉनिक फ्राँटियर फाउंडेशनने कन्सॉर्शियमच्या सभासदत्वाचा राजीनामा दिला.

एकेरी दुव्यांमुळे उद्भवलेला प्रश्नही कायम आहे. प्यू संशोधन केंद्राच्या २०२४ मधील पाहणीनुसार २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दशकभरानंतर उपलब्ध नव्हती.

जतन आणि पुढील प्रयत्न

ब्रूस्टर काहल यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेली इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था वेबपानांच्या प्रती जतन करते. २००१ पासून त्या वेबॅक मशीनद्वारे सर्वांना पाहता येतात. वेबच्या पहिल्या पानाची अगदी आरंभीची प्रत मात्र जतन झालेली नाही. सर्नकडे उपलब्ध असलेली प्रत १९९२ मधील आहे. ३० एप्रिल २०१३ रोजी, आज्ञावली मुक्त केल्याला २० वर्षे पूर्ण होताना, सर्नने हे पान त्याच्या मूळ पत्त्यावर पुन्हा उपलब्ध करून दिले.

बर्नर्स-ली यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या वर्ल्ड वाइड वेब फाउंडेशनने सरकारे, कंपन्या आणि नागरिक यांची कर्तव्ये सांगणारा ‘वेबसाठी करार’ २०१९ मध्ये मांडला. हे प्रतिष्ठान २०२४ मध्ये बंद करण्यात आले. त्यानंतर बर्नर्स-ली यांनी ‘सॉलिड’ या प्रकल्पावर भर दिला आहे. वापरकर्त्याची माहिती कंपनीकडे न राहता त्याच्या स्वतःच्या ताब्यातील जागेत राहावी आणि ती कोणाला दाखवायची हे त्यानेच ठरवावे, अशी या प्रकल्पाची रचना आहे.